परलोक नाकारल्यानंतर पुढची पिढी

१

गेल्या वर्षी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी चार्वाक शिकवत होतो. देहाची राख झाली की मागे काही उरत नाही, स्वर्ग नाही, नरक नाही, पुन्हा येणे नाही, एवढे सांगून झाले तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर कित्येक महिने त्यांच्या घराला कुलूप असते. तो म्हणाला, "सर, मेल्यावर काहीच नसेल तर माझा बाप माझ्यासाठी कशाला मरतोय? त्याला काय मिळणार?" वर्ग हसला. तो हसला नाही. मलाही त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. तासाची घंटा झाली आणि मी सुटलो.

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा श्रद्धावान असतात. आत्मा नाही, पुनर्जन्म नाही, पापपुण्याचा हिशेब ठेवणारा कुणी नाही, असे मानणाऱ्याने आजचे सुख सोडून उद्याच्या माणसांची चिंता का करावी? असे मानणारा माणूस स्वार्थीच होणार, असे त्यांना वाटते. चार्वाकांवर हा आरोप शतकानुशतके होत आला आहे. १९५६ नंतर तो आपल्यावरही होऊ लागला. "तुम्ही लोक काहीच मानत नाही," हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कार्यालयात, शिक्षकांच्या खोलीत ऐकले असेल.

या आरोपाला उत्तर देण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आत्म्याचा प्रवास नाकारलेला एक मोठा समाज महाराष्ट्रात सुमारे सात दशके जगत आला आहे आणि त्याने आपली मुले शिकवली आहेत. तेव्हा हे घडते की नाही, हा प्रश्न शिल्लक नाही. ते का घडते, एवढेच समजून घ्यायचे आहे.

२

प्रथम एक गृहीत तपासले पाहिजे. परलोकावर श्रद्धा असली की माणूस आपोआप भविष्याची काळजी घेतो, असे धरून चालले जाते. श्रद्धावान आईबाप मुलांवर प्रेम करतात यात शंका नाही. पण ते प्रेम त्यांना त्यांच्या सिद्धांताने शिकवलेले नाही. सिद्धांत काय शिकवतो ते वेगळे आहे.

पुनर्जन्माच्या सिद्धांतात माणसाचा 'पुढचा जन्म' हा त्याचा स्वतःचा असतो. पुढे येणार तो मीच, माझ्याच कर्माची फळे घेऊन. या जन्मी नेमून दिलेले काम मुकाट्याने केले तर पुढच्या जन्मी वरची जात मिळेल, हे आश्वासन प्रत्येकाला एकेकट्याला दिलेले आहे. छांदोग्य उपनिषदात हे स्पष्ट आहे. ज्यांचे आचरण चांगले त्यांना ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनी. ज्यांचे वाईट त्यांना कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी. चांडाळ कुणाच्या शेजारी बसवला आहे हे वाचकांनी पाहावे.

आता याच सिद्धांतात आपल्या मुलाचे स्थान काय ते बघू. अस्पृश्याच्या पोटी मूल जन्मले तर ते त्या मुलाच्याच मागच्या जन्मीच्या पापाने जन्मले. बापाला त्याबद्दल काही करता येत नाही, गावाला काही करण्याचे कारण नाही, राजाची तर जबाबदारीच नाही. मूल आपला हिशेब आपल्याबरोबर घेऊन आलेले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले आहे. गरिबांच्या आणि हीन ठरवलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि शासनाला टाळता यावी, यासाठी पूर्वकर्माचा सिद्धांत उपयोगी पडतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

सवर्ण घरातही मुलाकडे पाहण्याची शास्त्राची दृष्टी अशीच आहे. 'पुत्' नावाच्या नरकातून बापाला तारतो म्हणून तो पुत्र, असे मनुस्मृती सांगते. तेथे मुलगा हवा असतो तो बापाच्या परलोकासाठी. श्राद्धात पुढची पिढी मागच्या पिढीला घास घालते. जिवंतांनी मेलेल्यांना जेवू घालावे, अशी ही रचना आहे.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांतली सहावी श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. खर्च वाचवण्यासाठी किंवा भटजी टाळण्यासाठी ती आहे, असा तिचा अर्थ आपण बहुतेक वेळा सांगतो. तेवढा अर्थ पुरेसा नाही. त्या प्रतिज्ञेने घास कुठल्या दिशेला जायचा हेच बदलले. मागे जाणारा घास पुढे वळला. आणि एकविसाव्या प्रतिज्ञेत नव्या जन्माचा उल्लेख आहे, तो याच देहात, याच दिवशी होणाऱ्या जन्माचा आहे. पुढचा जन्म वाट पाहत बसण्याची गोष्ट राहिली नाही. मग 'पुढे' म्हणून जे उरले ते एकच: आपल्यानंतर जगणारी माणसे.

३

माझा आजा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात येसकर होता. मेलेले ढोर ओढणे, सांगावा घेऊन गावोगाव जाणे, संध्याकाळी घरोघर भाकरी मागणे, हे सगळे त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आले होते. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने एकत्र बसून ढोर ओढायचे नाही आणि भाकरी मागायची नाही असे ठरवले. गावाने काम बंद केले. आजा आणि आजी खडी फोडायला गेली. आजी सांगायची, त्या दोन वर्षांत पोटाला जे मिळाले त्यापेक्षा आधीचे शिळे तुकडे जास्त होते.

मी महाविद्यालयात गेल्यावर एकदा आज्याला विचारले, "आबा, तुम्हांला काय मिळालं त्यातनं?" पुस्तके वाचून आलेल्या पोराचा तो प्रश्न होता. त्याने स्वाभिमान वगैरे शब्द वापरले नाहीत. तो म्हणाला, "म्या वढलं आसतं. खांद्याला सवय हुती. पर माज्यामागं तुज्या बापानं वढलं आसतं."

या तीन वाक्यांत जो विचार आहे तो मला पुढे कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात इतका सरळ सापडला नाही. जातीचे काम वंशपरंपरेने येते. त्यामुळे ते करणारा माणूस स्वतःपुरते काहीच करत नसतो. तो पुढच्याच्या खांद्यावर ते ठेवत असतो. वतनाचे हेच खरे स्वरूप होते. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक आणले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव वतने मुंबई राज्यात कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या निधनानंतर. मधली तीस वर्षे ज्यांनी भाकरी नाकारली त्यांतल्या कितीतरी जणांनी तो कायदा पाहिला नाही.

माझा बाप सातवीपर्यंत शिकला आणि बाजार समितीत हमाल झाला. आई विड्या वळायची. मी पदवीधर झालो. आज्याला स्वर्ग मिळाला असे आमच्या घरात कुणी म्हणत नाही. पण त्याने खांदा काढून घेतला, म्हणून ते ओझे माझ्यापर्यंत आले नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

४

यावर दोन नेहमीची उत्तरे दिली जातात. एक, हे रक्ताचे प्रेम आहे. प्राणीसुद्धा पिलांसाठी जीव टाकतात. दुसरे, ही कीर्तीची इच्छा आहे. नाव मागे राहावे म्हणून माणूस झिजतो. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे, पण ती पुरत नाहीत.

रक्ताचे उत्तर घेऊ. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना पोटचे मूल नव्हते. १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली ती दुसऱ्यांच्या मुलींसाठी. एका विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांनी वसतिगृहे उभी केली, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, महाविद्यालये काढली. तेथे शिकलेली मुले रक्ताने त्यांची कुणी नव्हती. पिलासाठी जीव टाकणारा प्राणी दुसऱ्याच्या पिलासाठी शाळा काढत नाही.

कीर्तीचे उत्तरही तपासू. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोक चालत गेले. त्यांतली किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? परतताना त्यांच्यातल्या अनेकांनी मार खाल्ला. तळ्याच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपायला १९३७ साल उजाडले. त्या तळ्याचे पाणी प्यायल्याने कुणी अमर होणार नाही, हे बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरमधल्या परिषदेत स्वतःच सांगितले होते. अमरत्वाचा प्रश्न त्यांनी तेथेच बाजूला काढला आणि समतेचा प्रश्न पुढे ठेवला. बिननावाची ती माणसे त्यासाठीच गेली होती.

आणखी एक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे. भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात आपण नास्तिक का आहोत याबद्दल एक लेख लिहिला. फाशीचा दोर आवळला जाईल तो आपला शेवटचा क्षण असेल, पुढे काहीही नसेल, येथे किंवा परलोकात बक्षीस नसेल, असे त्यात त्यांनी निःशंकपणे मांडले आहे. २३ मार्च १९३१ रोजी त्यांना फाशी झाली. वय अवघे तेवीस. त्यांना मूल नव्हते आणि पुन्हा येण्याची आशाही नव्हती. ज्यांच्यासाठी ते गेले त्यांतले बहुसंख्य अजून जन्मलेच नव्हते.

५

मग या मागचे कारण काय? सॅम्युएल शेफ्लर या अमेरिकन तत्त्वज्ञाने २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात यासाठी एक कल्पना मांडली आहे. ती आपल्या कामाची आहे.

समजा, तुम्ही पूर्ण आयुष्य जगून शांतपणे मरणार आहात. पण तुमच्या मृत्यूनंतर तीस दिवसांनी आकाशातून एक प्रचंड अशनी आदळून सगळी पृथ्वी नष्ट होणार आहे, हे तुम्हांला आजच समजले. तुमच्या स्वतःच्या आयुष्याचा एक दिवसही कमी होत नाही. तरीही उद्या सकाळी तुम्ही आज करता तेच काम त्याच ओढीने कराल का? किंवा समजा, कुणीच अकाली मरणार नाही, पण यापुढे जगात एकही मूल जन्मणार नाही. तर?

मी हा प्रश्न वर्गात विचारून पाहिला. मुलांनी आपापल्या परीने उत्तरे दिली. एक मुलगी म्हणाली, ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून देईल. दुसरा म्हणाला, वस्तीतल्या विहाराच्या बांधकामाची वर्गणी मागायला जाणार नाही. कुणाला तरी वाटले की चहा प्यावासा वाटेल, पण वाचावेसे वाटणार नाही.

शेफ्लर यांचा निष्कर्ष असा: आपण स्वतः मरणार हे माहीत असूनही आपण निर्धास्तपणे काम करतो, पण आपल्यानंतर कुणीच असणार नाही हे कळले तर हातातले काम निरर्थक वाटू लागते. म्हणजे आपल्या आजच्या जगण्याला अर्थ असायला स्वतःच्या अमरत्वापेक्षा दुसऱ्यांचे पुढे असणे अधिक आवश्यक आहे. पुढच्या पिढीवर आपण उपकार करत असतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपले काम आज चालू राहते ते त्यांच्या भरवशावर.

आपल्या चळवळीला हे चटकन पटावे. दहा वर्षे चालणारा खटला, तीस वर्षांनी होणारा कायदा, १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे चाललेला लढा, या गोष्टी एका आयुष्याच्या मापात बसत नाहीत. ज्याला सगळे फळ स्वतःच खायचे आहे तो असल्या कामाला हातच घालणार नाही.

६

या विचाराचा धागा बौद्ध परंपरेतही आहे. सिंहल, ब्रह्मदेश, तिबेट येथील परंपरागत बौद्ध पुनर्जन्म मानतात, हे आपण लपवण्याचे कारण नाही. पण आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे बुद्धाच्या अनात्मवादात बसत नाही, आणि बाबासाहेबांनी याच मुद्द्यावर आत्म्याचा प्रवास नाकारला. कर्माचा नियम एकेका माणसाच्या सुखदुःखाचा हिशेब ठेवण्यासाठी नसून जगाच्या नैतिक व्यवस्थेशी निगडित आहे, असा अर्थ त्यांनी लावला. आजच्या माणसांच्या कुशल कर्माचा लाभ पुढच्यांना होतो आणि अकुशल कर्माचा भारही त्यांच्यावरच पडतो.

'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो की, काहीही एका ठिकाणाहून दुसरीकडे न जाता पुढचा जन्म कसा होईल? नागसेन उलट विचारतो: महाराज, लहानपणी तुम्ही गुरूकडून एखादा श्लोक शिकलात का? राजा हो म्हणतो. मग तो श्लोक गुरूमधून निघून तुमच्यात आला का? राजा नाही म्हणतो. श्लोक गुरूजवळ राहिला आणि शिष्याजवळही आला. एका दिव्यावर दुसरा दिवा लावावा तसे.

मी शिक्षक असल्याने हा दृष्टांत मला विशेष जवळचा वाटतो. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघेही तेथे आहेत. एका माणसाचे दुसऱ्यात जाणे असते ते एवढेच, आणि त्यासाठी आत्म्याची गरज नाही.

माझ्या बाबतीत हे फार ठोस रूपात घडले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि या शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे आग्रह धरला होता. तेव्हा माझा बापही जन्मला नव्हता. साठ वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर त्याच योजनेतून माझी फी भरली गेली. मी त्यांना काय परत करणार? शास्त्राने पितृऋण सांगितले, त्याची फेड पुत्र जन्माला घालून आणि पिंड देऊन होते. आपले ऋण तसे फिटत नाही. देणारा गेलेला आहे आणि पिंड आपण सोडला आहे. ते पुढच्यालाच द्यावे लागते. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक येतात, रांगेत उभे राहतात, वंदन करतात आणि परत जाताना पुस्तके विकत घेतात. मृताच्या स्मरणाचा हा विधी जगात फार थोड्या ठिकाणी असेल. त्या पुस्तकांपैकी कित्येक घरातल्या वाचता न येणाऱ्या माणसाने विकत घेतलेली असतात, पोरांनी वाचावीत म्हणून.

७

येथेच थांबलो तर हा लेख आपली पाठ थोपटणारा होईल. दोन धोके सांगितले पाहिजेत.

पहिला धोका असा की 'पुढची पिढी' हाच नवा परलोक होऊ शकतो. पूर्वी सांगत, हा जन्म सोस, पुढच्या जन्मी सुख मिळेल. आता सांगतात, तुम्ही सोसा, तुमच्या मुलांचे भले होईल. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरत आहेत. त्यांच्या बायकांना मुलांच्या भविष्याची गोष्ट सांगून चालणार नाही. माझ्या आज्याने स्वतःचा घास सोडला, तो त्याचा निर्णय होता. दुसऱ्याचा घास काढून घेऊन त्याला त्याच्या नातवाचे नाव सांगणे ही जुनीच लबाडी आहे. त्याग सांगणारा आणि त्याग करणारा एकच आहे का, एवढे प्रत्येक वेळी पाहावे.

दुसरा धोका आपल्या घरात आहे, आणि मी त्यातून सुटलेलो नाही. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो आणि आमची पुढची पिढी दोन मुलांवर येऊन थांबली. त्यांची इंग्रजी शाळा, त्यांची शिकवणी, त्यांच्या नावाचा फ्लॅट. वस्तीत अभ्यासिकेसाठी खोली हवी होती, तेव्हा मी वर्गणी दिली. पण संध्याकाळचे दोन तास मागितले, तेव्हा कामाचे कारण सांगितले. रक्ताचे उत्तर अपुरे आहे असे वर मी लिहिले. माझ्या वागण्यात मात्र तेच उत्तर पुरेसे ठरले आहे. फुले दांपत्याने आणि बाबासाहेबांनी 'माझी मुले' या शब्दाचा अर्थ जेवढा रुंद केला होता, तेवढाच तो आम्ही पगार सुरू झाल्यावर अरुंद करत आणला. परलोक नाकारणे त्या मानाने सोपे होते.

त्या विद्यार्थ्याला मी अखेर उत्तर दिले ते वर्गात नव्हे, महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर. शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. त्याचे जातप्रमाणपत्र होते, पण उत्पन्नाचा दाखला जुना झाला होता, आणि बाप कारखान्याच्या तळावर होता. आम्ही दोघांनी मिळून कागद गोळा केले. चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी मी त्याला म्हणालो, "तुझ्या बापाला मेल्यावर काही मिळणार नाही. त्याला जे मिळायचं ते तो आताच मिळवतोय. त्याच्या हातातला कोयता तुझ्या हातात येणार नाही, एवढं त्याला जिवंतपणी बघायचंय." तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "सर, आमच्या वस्तीतल्या अजून तीन पोरांचे फॉर्म राहिलेत. त्यांना उद्या आणू का?"

मी हो म्हणालो. दर वर्षी अर्जाचा हंगाम येतो, आणि प्रत्येक महाविद्यालयाबाहेर कागद हातात घेऊन गोंधळलेली मुले उभी असतात. हा लेख वाचणाऱ्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत तेथे एक टेबल टाकून बसावे, एवढीच विनंती आहे.